लवूची नाडी गेली

बसा असे, चहा ठेवलाय. तोवर जामसंड्याच्या लवूची नाडी गेली ती गोष्ट सांगतो. हसू येईल, पण घाई करू नका.

लवू आंबे उतरवणारा. लांब काठीचा झेला घेऊन दिवसभर हात वर. शिवाय गावात देवाला गाऱ्हाणं घालायचं तर तेही लवूनंच. दोन्ही हात वर करून एकदा सुरू झाला की देवालासुद्धा मध्ये बोलायची सोय नाही. "माका काय एक होवचा नाय," ही त्याची ऐट.

यंदा झेला धरला की उजवा हात पांढरा पडायला लागला, मग निळा. बायकोनं, शेवंतीनं, हात धरून बघितला.

"बर्फातल्या बांगड्यासारखो थंड लागता. डॉक्टराक दाखवया."

"गप गो. मुंग्यो इल्यो."

मुंग्या काही जाईनात. एका डॉक्टरनं मानेला पट्टा दिला, दुसऱ्यानं वाताच्या गोळ्या. दोघांनी नाडी बघितली ती हात टेबलावर ठेवून, आणि टेबलावर नाडी ठणठणीत. तोवर एका बोटाच्या टोकाला काळा डाग आला. तेव्हा मात्र लवूची ऐट उतरली.

"हात गेलो तर माका बागेत कोण उभो करतलो?" एवढंच म्हणाला आणि ताटावरून उठला.

शेवंतीनं त्याला ओढत कणकवलीला नेलं, एका नव्या डॉक्टरीणबाईकडे. वयानं लेकीएवढी. तिनं त्याचं मनगट धरलं.

"काका, दोन्ही हात वर करा. डोळे मिटा. मी सांगेपर्यंत खाली आणायचे नाहीत. आणि काय होतंय ते बोला."

हात वर, डोळे मिटलेले, त्यात बोला म्हणतायत. लवूला वाटलं, औषध हरलं, बाई आता देवावर आली. त्यानं घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लवू तुझ्या पायाकडे उभो आसा..."

पडद्याबाहेर नंबर लावून बसलेली सगळी आपलीच माणसं. सवयीनं एका आवाजात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

शेवंतीनं पदर तोंडात कोंबला. डॉक्टरीण हसली नाही. तिची बोटं मनगटावर तशीच. "थांबू नका काका, चालू दे."

"त्येच्या हाताक जी काय पिडा लागली आसा..."

"व्हय म्हाराजा."

"कोणाची नजर, कोणाचो शब्द..."

हात मेणासारखा झाला. लवूचा आवाज घसरला आणि गाऱ्हाणं अर्ध्यातच राहिलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. बाईंनी त्याचे हात खाली आणले.

"नाडी गेली होती," डॉक्टरीण म्हणाली.

शेवंती मटकन खाली बसली. बाहेर कोणीतरी टोपी काढली.

"खंय गेली?" लवूनं विचारलं.

"हाताची हो. खाली आणल्यावर आली परत."

मग फोटो काढले. मानेच्या बुडाशी एक बरगडी जास्तीची निघाली. हात वर गेला की तिथं हाताची रक्तवाहिनी चिमटायची आणि आत रक्ताच्या गुठळ्या धरायच्या. दुखण्याचं नाव व्हॅस्क्युलर थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. लवूच्या ध्यानात त्यातलं 'आउटलेट' तेवढं राहिलं. आणखी उशीर झाला असता तर बोटं कापावी लागली असती, असंही बाईंनी सांगितलं.

"ह्येंका एक हाड जास्त आसा, ता माका लग्नापासून ठाऊक आसा," शेवंती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

गोव्यात ऑपरेशन झालं, बरगडी काढली. बोटं राहिली. पण अजून काही महिने हात वर न्यायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.

तर तुम्ही आता जामसंड्यावरूनच जाल. तो घरापुढं बसलेला दिसेल. त्याला लांबून हात करू नका. माणूस अगत्याचा, उलट हात केल्याशिवाय राहायचा नाही. जवळ जा, आणि जरा बसा त्याच्याकडे.