सासूबाईंचं बर्फासारखं भांडं

बायको एवढंच म्हणाली होती, "वेइयो, पायरीवर जरा रेती टाक, ताई यायचीय, घसरेल." रेती टाकायची आणि गप्प बसायचं! पण नाही. मार्चमधला रविवार, लख्ख ऊन, आणि अंगात कामाची खुमखुमी (वर्षातून एकदा येते). म्हटलं, बर्फच फोडून टाकू. पहार घेतली.

पायरीवर डिसेंबरपासून आमचे बर्फाचे कंदील होते. बादलीत पाणी गोठवायचं, पोकळीत मेणबत्ती लावायची. पहिला फोडला, दुसरा फोडला. तिसऱ्याचा आवाज वेगळाच आला. खळ्ळकन्!

ते सासूबाईंचं काचेचं भांडं होतं. तळ्यावरचा बर्फ वितळायला लागला की दिसतो ना, तस्सं घडवलेलं. कारागिराला म्हणे निसर्गाची हुबेहूब नक्कल करायची होती. (केलीस रे बाबा, माझं वाटोळं केलंस!) ऑक्टोबरात सासूबाई गेल्या, तेव्हा थोरल्या लेकीने, म्हणजे ताईने, तेल्लेर्वोने, तळ्याकाठचं घर घेतलं. माझ्या बायकोने, औलिक्कीने, हे एकच भांडं मागितलं, आणि आई ठेवायची तसं कंदिलांच्या रांगेत ठेवलं. मला दोनदा बजावलंही होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, तुकडा न् तुकडा जमवू, चिकटवू. तासभर बर्फ उकरला. चकाकेल ते बिस्किटांच्या डब्यात टाकलं. बोटं इतकी बधिर झाली की काय उचलतोय तेही कळेना. डबा काठोकाठ भरला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. चिकटवायला तुकडे कोरडे हवेत म्हणून डबा हीटरवर ठेवला.

तेल्लेर्वो आली. कॉफी झाली, दालचिनीचे पाव झाले. दोघी बहिणी आईच्याच आठवणी काढत होत्या. शेवटी मी हीटरवरचा डबा टेबलावर ठेवला.

"औलिक्की, आईंचं भांडं माझ्या हातून फुटलं. चुकलो गं मी. पण सगळे तुकडे आणलेत, एकसुद्धा सोडला नाही."

तिने झाकण उघडलं. आत पाणी होतं. तळाशी काचेचे तीन तुकडे.

"अगं बाई!" तेल्लेर्वो म्हणाली.

औलिक्कीने ते तिन्ही तुकडे काढून रुमालावर ठेवले. डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहिलं.

"जन्म बर्फात गेला तुझा. काच बर्फ म्हणून फोडलीस, आणि बर्फ काच म्हणून वेचलास?"

मी झाकण लावायला गेलो.

तिने डबा माझ्याकडे सरकवला. "जा, ओत बाहेर. आणि पायरीवर नको ओतूस, गोठेल. ताई घसरेल."