पूर्ण भूतकाळ आणि पोतंभर नाकतोडे

“इंग्रजीतला पूर्ण भूतकाळ फळ्यावर शिकवायचा नसतो, हेडसर. तो डोळ्यांदेखत घडवायचा असतो!” असं म्हणून नालवोगाबाईंनी चहाचा कप असा काही आपटला, जणू स्वतःच्या नेमणुकीवर शिक्काच मारला.

मसाका शहराजवळच्या त्या शाळेत बाई कित्येक वर्षं हंगामी होत्या. आज इन्स्पेक्टर लुतालो सहावीचा तास बघणार होते. खूश झाले, तर बाई कायम!

बेत साधा होता. तिकडे तळलेले नाकतोडे म्हणजे मेजवानी; त्यांचा हंगाम असल्यामुळे साहेबांना तळून द्यायला बाईंनी पोतंभर जिवंत नाकतोडे आणलेच होते. पहिल्या बाकावरच्या नाकिगुड्डेनं पोत्याचं तोंड मुठीत धरून बसायचं आणि साहेब दाराशी दिसले की हळूच एक नाकतोडा सोडायचा. मग वर्गानं म्हणायचं, ‘साहेब आत येण्याआधी नाकतोडा उडाला होता.’ आठवडाभर मुलं हे वाक्य झोपेतसुद्धा बरळत होती.

“एकच हं, बाळा!”

“एकच, टीचर!”

साहेब आले. कोटाबरोबर चेहऱ्यालाही इस्त्री केलेली. आणि नाकिगुड्डे पडली गुणी मुलगी! मोठं माणूस दिसलं की गुडघे टेकायचे, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं गुडघे टेकले आणि दोन्ही हात अदबीनं मांडीवर ठेवले.

दोन्ही!

पोतं सुटलं. वर्गात हिरवं वादळ उठलं! नाकतोडे फळ्यावर, नाकतोडे वेण्यांत, एक तर थेट साहेबांच्या टायवर!

“पकडा!” कोण ओरडलं? खुद्द साहेब! कोट काढून ते बाकांवरून उड्या मारत सुटले. “तो बघा, खिडकीत! अगं, पंख नको धरूस, चेंगरेल!”

हेडसर मुगेर्वांच्या कुळाचं देवकच नाकतोडा. ते खाणं लांबच, त्यांना इजाही करवत नाही. टेबलावर चढून ते कळवळले, “अरे, जपून पाय टाका! भाऊबंद आहेत माझे!”

“मग त्यांना सांगा ना रांगेत बसायला!” बाई केसांतून एक उपटत खेकसल्या.

अखेर धुरळा बसला. साहेबांनी कोट चढवला, घाम पुसला आणि पुन्हा इन्स्पेक्टर झाले. “हं. उदाहरण द्या.”

नाकिगुड्डे उठली. “साहेब आत येण्याआधी नाकतोडा उडाला होता.”

“साफ खोटं! मी आत आल्यावर उडाले. खरं घडलेलं सांग.”

पोरगी विचारात पडली आणि मग तिचा चेहरा उजळला. “साहेब येण्याआधी टीचरनी हे वाक्य पाठ करून घेतलं होतं!”

“शाबास! आणखी?”

झाली सुरुवात! “साहेबांनी विचारण्याआधी कुणी हात वर करायचा ते ठरलं होतं!” “साहेब दिसण्याआधी हेडसरांनी फुटकी बाकं लपवली होती!”

हेडसर टेबलामागे आखडले. बाईंना आपली कायमची नोकरी नाकतोड्यांमागे खिडकीतून जाताना दिसली.

शेवटच्या बाकावरून बारीक आवाज आला, “धडा सुरू होण्याआधी साहेबांनी खिसे भरले होते!”

तेवढ्यात साहेबांचा डावा खिसा फडफडला.

साहेबांनी वही मिटली. “मुलांना काळ उत्तम समजलाय. बाई, तुम्ही कायम. आणि, अं... इथलं इथेच राहू दे.”

साहेबांची गाडी वळणाआड गेली, तशा बाई वर्गाकडे वळल्या. “पोरांनो, उद्यापासून भविष्यकाळ! झालेलं कुणी कुणाला सांगायचं नाही!”