कुलूपबंद मुतारी आणि एकशे पासष्ट सह्या

"ताई, जाऊन येते गं, दुकान बघ," असं म्हणून बटणवाली उठली आणि बाजाराच्या दारातून जवळजवळ पळतच बाहेर पडली. कुठे, ते इस्त्रीवालीने विचारलं नाही. बाजारातली बाई अशी पळत सुटली की ती कुठे जाते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. घरी जाते. वीस मिनिटं जायला, वीस मिनिटं यायला आणि मधे दोन मिनिटांचं काम. बटणवाली ही इस्त्रीवालीची धाकटी जाऊ. दोघींचे गाळे एकमेकांना चिकटून होते आणि करार असा होता की एक गेली की दुसरीने दोन्ही दुकानं सांभाळायची.

त्या दुपारी नेमकं एक गिऱ्हाईक कोटाचं बटण घेऊन आलं. अगदी असंच हवं, चार भोकांचं, तपकिरी, पण फार तपकिरी नको. इस्त्रीवालीने तीन डबे उपसले. चौथ्यात बटण सापडलं आणि त्याच क्षणी नाकात वास शिरला. मागे वळून बघते तो कोळशाची जडशीळ इस्त्री मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर निवांत बसलेली. उचलली, तर सदऱ्याच्या पाठीवर अख्खी इस्त्री उमटलेली, टोकासकट.

बटणवाली परत आली. तिने सदरा उलटसुलट केला.

"मी गेले नसते तर जळला नसता."

"तू गेली नसतीस तर दुसरंच काहीतरी झालं असतं," इस्त्रीवाली म्हणाली. "तुझी चूक नाही. त्या कुलपाची आहे."

ते कुलूप बाजाराच्या टोकाला होतं. तिथे चार वर्षांपूर्वी नगरपालिकेने बायकांसाठी मुतारी बांधली. आत पांढऱ्या फरशा, नळाला पाणी आणि दारावर ठळक अक्षरांत 'महिलांसाठी'. उद्घाटनानंतर पंधराव्या दिवशी तिला कुलूप लागलं, कारण नगरसेवकांचे निवडणुकीतले बोर्ड ठेवायला कोरडी जागा मिळत नव्हती. नगरसेवकांना सगळे भाऊ म्हणत. हा भाऊ चार वर्षं त्या मुतारीत चाळीस प्रतींमध्ये उभा होता. निवडणूक पाच वर्षांनी एकदा येते. लघवी दिवसातून चारदा येते आणि ती मतदारयादी बघून येत नाही. पण हे पुरुषांना कोण सांगणार? त्यांना बाजारामागची भिंत होती.

मग बायका काय करत? पाणी पीत नसत. इस्त्रीवाली दहा तास निखाऱ्यांजवळ उभी राहायची आणि दिवसभरात दोन घोट प्यायची, तेही ओठ ओले करण्यापुरते. पोटात कळा यायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाला, पाणी प्या. दुसऱ्यांदा गेली तेव्हा तो मुतखड्याबद्दल बोलला. तिसऱ्यांदा आलात तर सरळ दवाखान्यात ठेवून घेईन, असंही म्हणाला.

जळका सदरा बाजूला ठेवून इस्त्रीवालीने हिशोबाच्या वहीतलं पान फाडलं आणि उभ्या उभ्या अर्ज लिहिला.

"बाजार अधिकारी साहेब यांस. बाजारात एकतीस बायका धंदा करतात. त्यांच्यासाठी बांधलेल्या मुतारीत चार वर्षं नगरसेवकांचे बोर्ड राहतात. बोर्डांना मुतारी लागत नाही. आम्हाला लागते. साहेबांना तीन वेळा सांगितलं. ते तीन वेळा 'बघतो' म्हणाले. त्यांनी नक्की काय बघितलं ते समजलं नाही. किल्ली त्यांच्या खिशात आहे आणि लाज कुणाच्याच खिशात नाही. आठ दिवसांत कुलूप उघडा, नाहीतर आम्ही एकतीसजणी तुमच्या ऑफिसातली मुतारी वापरायला येऊ. रोज."

बटणवालीने वाचलं आणि गालाला हात लावला. "ताई, शेवटी 'आपले नम्र' तरी लिही."

"नम्र राहून चार वर्षं गेली. नुसतं 'आपले' लिहिते."

मागच्या खेपेला ऑफिसातला कारकून म्हणाला होता, नुसत्या तुमच्याच सह्या चालत नाहीत, गावातल्या लोकांच्या आणा. आता गावातली माणसं आणायची कुठून? पण इस्त्रीवालीकडे गावातल्या माणसांचे कपडे होते. आणि कपड्यांसोबत एक जुनी रीत होती. मागे एकाने पोचलेली पँट पोचलीच नाही म्हणून आठ दिवस तंटा केला, तेव्हापासून ती प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी टाचायची: शर्ट चार, चादरी दोन. गठ्ठा घेणाऱ्याने चिठ्ठीवर सही करायची आणि ती परत द्यायची.

"चिठ्ठीखाली अर्ज टाचू," इस्त्रीवाली म्हणाली. "लोक सावकाश वाचतील, पटलं तर सही करतील. फक्त दोन गठ्ठ्यांना लावू नकोस. एक भाऊंचा आणि एक साहेबांचा."

"एवढं कळतं मला."

कळत होतं, पण हात बटणं विकणारीचे होते. बटणवाली कुठलीही वस्तू हातात आली की न बघता बाराबाराने मोजून लावायची. तिने झेरॉक्स काढल्या आणि गप्पा मारत मारत सगळे गठ्ठे टाचून टाकले. शिवाय त्या आठवड्यात चढावरच्या बंगल्यांकडे कपडे पोचवायला तीच गेली, कारण इस्त्रीवालीच्या पोटात कळ आली होती. आणि भाऊ काय, साहेब काय, दोघंही चढावरच राहत होते.

सह्या मात्र धो धो आल्या. इस्त्रीवाली दारात उभी राहून म्हणायची, "दोन कागद आहेत, दोन्हींवर सही करा," आणि लोक दोन्हींवर सही करायचे. कुणी फोन कानाला लावून, कुणी टीव्हीकडे बघत, कुणी पोराला ओरडत. एकानेही हुज्जत घातली नाही. चार दिवसांनी तिने सगळे अर्ज मांडीवर घेतले तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"बघ गं, उगाच शिव्या देतो आपण लोकांना. माणसं चांगली असतात."

बटणवालीने गठ्ठा मोजला. "एकशे पासष्ट."

"एकशे त्रेसष्ट हव्यात. दोन जास्तीच्या कुठून आल्या?"

"चांगल्या कामाला माणसं वाढतात, ताई."

अर्ज दाखल झाला. कारकुनाने पोचपावतीवर शिक्का मारला आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर जेवढ्या सह्या ओळखता आल्या तेवढी नावं सांगितली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले.

मास्तर निवृत्त झाले होते, पण आवाज अजून नोकरीत होता. जळक्या सदऱ्याबद्दल बोलायला आले असतील म्हणून इस्त्रीवालीने आधीच मान खाली घातली. पण मास्तरांच्या हातात सदरा नव्हताच.

"मावशी, शेजारचा मला विचारतोय, मास्तर, तुम्ही मुतारीच्या आंदोलनात कधी पडलात? मी कशावर सही केली?"

इस्त्रीवालीने मान वर केली. "अर्जावर. तुम्ही वाचला नाहीत?"

मास्तरांनी छत्तीस वर्षं पोरांना एकच गोष्ट शिकवली होती, आधी प्रश्न नीट वाचा. न वाचता उत्तर लिहिणाऱ्याला ते बाकावर उभं करायचे. ती पोरं आता मोठी होऊन याच बाजारात धंदा करत होती आणि त्यातली तीन या क्षणी कान टवकारून उभी होती.

"वाचला म्हणजे काय, वाचलाच," मास्तर म्हणाले. "कोण म्हणतं नाही वाचला? माझं एवढंच म्हणणं आहे की भाषा सौम्य आहे. आठ दिवस कशाला दिलेत? तीन पुरे होते." आणि ते ताठ मानेने निघून गेले.

इस्त्रीवालीच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. "अगं," ती खाली बसत म्हणाली, "कुणीच वाचलेला नाही."

"मग काय झालं? सही तर आहे ना."

दुपारपर्यंत आणखी नऊजण आले. औषधवाला आला, शिवणकाम करणारा आला, बँकेतल्या बाई आल्या. प्रत्येकजण रागाने यायचा, "मावशी, हे काय," अशी सुरुवात करायचा आणि "तुम्ही वाचलं नाहीत?" म्हटलं की गारठायचा. न वाचता सही करणारा मूर्ख, असं गावाचं मत होतं आणि ते मत असलेली सगळी माणसं त्या गठ्ठ्यात होती. त्यामुळे जो भांडायला आला तो पाठिंबा देऊन गेला. बँकेतल्या बाई तर म्हणाल्या की मोर्चा काढणार असाल तर कळवा, मी रजा टाकते.

चार वाजता ऑफिसातून बोलावणं आलं.

गाळ्यांचे परवाने साहेबांच्याच सहीने चालत. दोघी जावा सावकाश जिन्याने वर गेल्या. एका अर्जापायी दोन दुकानं जातात की काय, एवढंच दोघींच्या मनात होतं.

"बसा," साहेब म्हणाले.

इस्त्रीवालीला जास्तच भीती वाटली. साहेबांनी आजवर त्यांना कधी बसा म्हटलं नव्हतं.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "ही सही कुणाची?"

"साहेब, सह्या कुणालाच वाचता येत नाहीत."

"ही भाऊंची आहे. नगरसेवकांची. मी रोज बघतो ती." साहेबांनी घाम पुसला. "म्हणजे भाऊ लेखी देतायत की त्यांचे बोर्ड मुतारीत आहेत आणि लाज कुणाच्याच खिशात नाही."

इस्त्रीवालीने सावकाश जावेकडे बघितलं. जाऊ छताचा पंखा बघत होती.

"आणि ही?" साहेबांनी दुसरा कागद सरकवला.

"ही जरा घाणेरडी आहे, साहेब. शाई पसरलीय."

"ही माझी आहे."

बटणवालीच्या नाकातून एक बारीकसा आवाज आला. हसू दाबताना येतो तो.

"म्हणजे साहेब," इस्त्रीवाली शक्य तेवढ्या गंभीरपणे म्हणाली, "तुम्ही तुम्हालाच आठ दिवसांची मुदत दिलीत."

साहेबांनी फोन उचलला. त्यांच्या बाजूचं बोलणं दोघींना ऐकू येत होतं. "भाऊ, नमस्कार. तो बाजारातला अर्ज... हो, त्यावर तुमची सही... हो, तुमचीच." मग साहेबांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. भाऊ तिकडे काय करत असेल ते तिघांनाही दिसत होतं. हो म्हणावं तर मुतारी उघडा, नाही म्हणावं तर हा माणूस न वाचता सह्या करतो, असं सहा महिन्यांवर निवडणूक असताना गावाला सांगा. अखेर साहेब घाईघाईने म्हणाले, "छे छे, तुम्ही न वाचता सही कशी कराल? मी सुद्धा वाचूनच केली. हो, माझीही आहे. नाही नाही, आधी तुमची, मग माझी."

फोन ठेवून साहेबांनी खिशातून किल्ली काढली. चार वर्षं ती खरोखरच खिशात होती.

सोमवारी कुलूप निघालं. भाऊंचे बोर्ड एकेक करून टेम्पोत चढले, प्रत्येक बोर्डावर भाऊ हात उंचावून हसत होता, आणि बाजारातल्या बायका उलट हात हलवून त्याला निरोप देत होत्या. मग खरा भाऊ आला. त्याने फीत कापली आणि भाषण सुरू केलं. "या अर्जावर सर्वांत आधी सही माझी. कारण मी नगरसेवक नंतर, आधी नागरिक."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या, वाचून सही केलेल्या माणसासारख्या. भाऊ रंगात आला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मागे एकतीस बायका रांगेत उभ्या. शेवटी टोपल्या विकणारी म्हातारी पुढे झाली, भाऊला हाताने अलगद बाजूला करत म्हणाली, "तुझं चालू दे बाबा, मी आलेच," आणि आत जाऊन तिने धाडकन दार लावलं. पुढचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही, इतका बाजार हसत होता. भाऊही हसला, दुसरं करणार काय.

त्या दिवसापासून इस्त्रीवालीने पाण्याची कळशीच गाळ्यात आणून ठेवली. दर अर्ध्या तासाने ती तांब्या तोंडाला लावायची आणि जाऊ म्हणायची, "अगं, मुतारी उघडलीय म्हणून विहीर आटवायची नसते."

एकच गोष्ट मात्र तिला कळत नव्हती. भाऊंच्या घरच्या चिठ्ठीवर कायम वहिनी सही करायच्या. आठ वर्षांत भाऊने चिठ्ठी हातातसुद्धा धरली नव्हती. मग नेमकी या वेळीच त्याची सही कशी?

पुढच्या आठवड्यात वहिनी स्वतः कपडे घेऊन गाळ्यावर आल्या. इस्त्रीवालीने गठ्ठा घेतला, मोजला आणि न राहवून विचारलं, "वहिनी, तो अर्ज..."

"मी वाचला होता," वहिनी म्हणाल्या. "दोनदा. मग सकाळच्या कागदांच्या गठ्ठ्यात मधोमध घातला आणि यांच्यापुढे ठेवला. ते दाढी करता करता सह्या करतात."

बटणवाली डबा खाली ठेवून जवळ आली.

"गेल्या वर्षी बाजारात आले होते," वहिनी शांतपणे सांगू लागल्या. "अगदी राहवेना. नगरसेवकाची बायको म्हणून ऑफिसातून किल्ली मागून आणली. दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नाही. चाळीस नवरे उभे, हात वर करून, माझ्याकडे बघून हसतायत. तशीच घरी पळाले. कशी पोचले ते माझं मला माहीत."

दोघी जावा टेबलाला धरून हसत होत्या. वहिनींनाही हसू आलं. त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

डोळे पुसत इस्त्रीवालीने विचारलं, "पण वहिनी, ते बोर्ड आता ठेवलेत कुठे?"

"यांच्या झोपायच्या खोलीत. दुसरीकडे कोरडी जागाच नाही. मी पुढच्या खोलीत झोपते. यांना मात्र झोप लागत नाही, सगळे बघत असतात म्हणे. काल माझ्यामागे लागले, काहीतरी कर, हे हलव इथून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, रीतसर अर्ज करा."