प्रोत्साहनार्थ नर, पाच मिनिटं

सशांच्या संख्येची काळजी कोणाला तरी वाहावी लागते. ससे स्वतः ती वाहत नाहीत. (म्हणूनच ती वाढते, असं म्हणणारे नतद्रष्ट सगळीकडे असतात.)

पशुसंवर्धन खात्याने ही काळजी कंपाउंडरकाकांवर सोपवली. काका दवाखान्यातून निवृत्त झालेले, पण हातात सुई आली की अजूनही दहा वर्षांनी तरुण दिसायचे. 'अल्पखर्ची कृत्रिम रेतन' योजनेत त्यांना चार पिंजरे, तीन माद्या, एक नर आणि एक पुस्तिका मिळाली. अटी दोनच: चाळीस दिवसांत शास्त्रोक्त पद्धतीने पिल्लं, आणि पुस्तिका शेवटपर्यंत ऐकवून किंवा वाचायला देऊन पंचवीस माणसं प्रशिक्षित. नाहीतर सशांसकट पिंजरे परत. "दाजी, या वयात ससे?" असं मेहुण्याने चारचौघांत विचारलं, तेव्हापासून पिंजरे परत जाऊ द्यायचे नाहीत, असं काकांनी ठरवलं होतं.

पद्धत उत्तमच होती. फक्त सशाच्या मादीचं एक आहे, नर भेटल्याशिवाय तिचं बीज सुटत नाही. त्यावर इंजेक्शन असतं. ते महाग, म्हणून योजनेतून वगळलं आणि 'प्रोत्साहनार्थ नर, पाच मिनिटं' अशी तरतूद केली. नर अर्थात नसबंदी केलेला हवा. नसबंदीही खर्चात बसेना, म्हणून सुधारित परिपत्रकात नराकडून 'संयमाची अपेक्षा' ठेवली.

काकांनी हयगय केली नाही. रेतनाची नळी उकळली, मादी टॉवेलात गुंडाळली, रेतन केलं, मग तिला नराच्या पिंजऱ्यात ठेवून घड्याळ लावलं. नराला प्रोत्साहनासाठी दहा सेकंद पुरले. उरलेला वेळ त्याने कोबी खाण्यात घालवला.

"अहो, मग त्या नळीचं काय काम?" काकूंनी विचारलं.

"ते शास्त्र आहे. तुला नाही कळायचं."

"बरं बाई. त्या शास्त्राला म्हणावं, जरा बाजूला सरक, बिचाऱ्याला अडचण होतेय."

महिन्याभराने निकाल लागला.

पहिली मादी, नुसती नळी (सुधारित परिपत्रक यायच्या आधी, नसबंदीचा नर नव्हता म्हणून): पिल्लं शून्य.
दुसरी, नळी आणि नर: सात.
तिसरी, नुसता नर (काकूंनी नळी धुताना फोडली, चुकून, असं त्या म्हणतात): आठ.

काकांचा चेहरा पडला. जन्मभर खोटी नोंद केली नव्हती, आता काय करणार? तपासणीला आलेल्या साहेबांपुढे त्यांनी तक्ता ठेवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हे काही कृत्रिम नाही."

"मादी नराच्या पिंजऱ्यात कोणी ठेवली?"

"मी."

"आपणहून गेली का ती?"

"नाही हो."

"मग कृत्रिमच की!" साहेबांनी सही ठोकली. 'नळीविरहित कृत्रिम रेतन' ही पद्धत त्या दिवशी खात्यात रुजू झाली. खर्च शून्य, यश शंभर टक्के. पहिल्या मादीचं अपयश 'प्रोत्साहनाअभावी' म्हणून नोंदलं गेलं.

राहिली माणसांची अट. काकांनी शेजारी, नातलग, दूधवाला धरून चोवीस जमवले. पंचविसावा मेहुणा, तो 'संयमाची अपेक्षा' ऐकून हसत सुटला आणि अर्ध्यातून उठून गेला. आज चाळिसावा दिवस. काका सकाळपासून यादी घेऊन दारात उभे आहेत.

आपणही हसला असाल, पण उठून गेला नाहीत. आपण आत्ता वाचली तीच सुधारित पुस्तिका. पंचविसाव्या ओळीत आपली नोंद झाली आहे, काकांचे पिंजरे वाचले, काकूंनी आपल्याला आशीर्वाद कळवले आहेत. नियमाप्रमाणे प्रशिक्षितास एक नर व दोन माद्या घरपोच मिळतात. (नळी मिळत नाही.) आपले चाळीस दिवस उद्यापासून मोजले जातील.