शेणवायूच्या पहिल्या ज्योतीची हकिकत

श्रीसूर्यनारायण समर्थ. जो उगवताना कोणाचा हुकूम मागत नाही, त्यास नमन करून लिहितो. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, एका राज्यातील विद्याशाळेत अनसूयाबाई टेंभुर्णे म्हणून पंडिता होत्या. ऊन, वारा, शेण यांतून न आटणारी शक्ती कशी काढावी, ही विद्या पोरांस पुस्तकातून शिकवून त्या विटल्या आणि मग पोरांची सारी फौज घेऊन शेजारच्या वाडीवर चालून गेल्या आणि तेथल्या शेवंताबाईंच्या गोठ्यामागे शेणवायूची टाकी बांधविती झाल्या आणि वाडीच्या बायकाही शिकावयास बसल्या. शेण कालवण्याचा प्रसंग आला तेव्हा रोशन नामे शिलेदार पुसता झाला, "मॅडम, हातमोजे?" बाई म्हणाल्या, "आईच्या हातची भाकर खातोस ना? ती गोठ्यातले शेण काढूनच तव्यापाशी बसते. घाल हात." मग रोशनने कोपरापर्यंत हात घातला आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्या दिवसापासून पोरे वाडीची झाली.

विद्याशाळेचे प्रधान थोर गृहस्थ. टाकी कोठे हे ठाऊक नव्हते, उद्घाटनाचा मुहूर्त ठाऊक होता. बाईंनी विनविले, "पहिला वायू कच्चा, पेटत नाही. तो सोडून द्यावा, मागून येईल तो जळेल. थोडे थांबावे." प्रधान वदले, "मांडव पडला, फेटे आले. थांबणे नाही. ज्योत न लागली तर तुमचा वर्ग मोडला समजा." मग मुहूर्तावर प्रधानांनी स्वहस्ते शेगडीस काडी लाविली, विझली, आणिक लाविली, तीही विझली, पेटी सरली. "शेण ते शेणच," ऐसे बोलून, वर्ग मोडून, फेट्यानिशी स्वारी परतली. ऐसे प्रधान राज्यात पुष्कळ, त्यांचे काय लिहावे.

पोरे रडकुंडीस आली. बाई म्हणाल्या, "चला रे, सामान आवरा." तेव्हा शेवंताबाई आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, वर्ग त्यांचा होता, त्यांनी मोडला. शेण आमचं आहे. कच्चा वायू सोडायचा असं तुम्हीच सांगत होता ना? मग सोडा की. का नुसतं आम्हालाच शिकवायला होतं ते?" बाई ओशाळल्या आणि तोटी उघडली आणि वाडी टाकीत शेण घालीत राहिली आणि वर्ग शेवंताबाईंच्या अंगणात भरत राहिला. मग एके सकाळी रोशनने काडी लाविली आणि निळी ज्योत उभी राहिली आणि पातेले चढले आणि पहिला चहा बाईंस दिधला. बाईंस तो पिववेना, डोळे पुसू लागल्या. शेवंताबाई म्हणाल्या, "आता तर धूरही नाही. डोळ्यांना काय झालं?"

वार्ता दरबारी गेली. मग प्रधानांचे फर्मान आले की वर्ग पुन्हा भरवावा, आम्ही जातीने येतो, मुहूर्त कळवावा. शेवंताबाईंनी जाब धाडिला, "वर्ग बंद पडलाच नाही. यायचं तर सकाळी या, शेण ताजं असतं." स्वारी आली. रोशनने अदबीने घमेले पुढे केले आणि म्हणाला, "सर, हातमोजे नाहीत."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. प्रधानांचा हात कोठवर बुडाला हे लिहीत नाही, त्यांची अब्रू राखितो. ज्योत जळते आहे.