तलावाच्या पाळीवरची खुर्ची

"चळवळीचा अभ्यास करणाऱ्यानं चळवळीत पडायचं नसतं. मी तिथं असेन, पण नसल्यासारखा!" हे वाक्य प्रा. वासुदेवराव गभण्यांना इतकं आवडलं होतं, की नागपुरातून निघताना त्यांनी ते बायकोलाही दोनदा ऐकवलं.

साल अठ्ठ्याहत्तर. नागपूरकडच्याच शहापूरजवळच्या त्या खेड्यात तलाव काठोकाठ, पण गेटला सरकारी कुलूप. खाली धानाचं पीक ऐन निसवण्यात, लोंब्यांवर आलेलं आणि पाण्यावाचून पिवळं पडत चाललेलं. म्हणून चळवळीतल्या रंभाबाईनं गावातल्या साऱ्या बायका तलावाच्या पाळीवर आणून बसवल्या होत्या. वासुदेवराव हळूच मागे टेकणार, तोच तिनं हटकलं.

"सर, पावना मातीत बसन तं गावाची लाज जाईन."

गावातली एकुलती एक हातांची खुर्ची आली आणि पाळीवर मधोमध मांडली गेली. वासुदेवरावांनी ना-ना केलं, पण खुर्ची नाकारणं म्हणजे पानावरून उठण्यासारखंच. बसले बिचारे.

तेवढ्यात जीप आली. पाटबंधाऱ्याचे साहेब उतरले, आणि खाली बसलेल्या एवढ्या बायका सोडून त्यांची नजर थेट खुर्चीवर गेली.

"पुढारी आपणच ना? मागणी काय?"

"मी काहीही बोलणार नाही," वासुदेवराव म्हणाले. शास्त्र म्हणजे शास्त्र.

साहेब चपापले. ओरडणारे पुढारी त्यांनी पुष्कळ पाहिले होते. इतका गप्प बसणारा माणूस म्हणजे याची वर कुठंतरी वट असणार.

"वरून हुकूम आला, की लगेच सोडतो."

वासुदेवरावांनी चेहरा कोरा ठेवला.

"बरं, उद्या सकाळी?"

ते आभाळाकडे पाहू लागले.

"बाई, तुम्ही तरी सांगा यांना," साहेब रंभाबाईकडे वळले.

रंभाबाईनं साहेबांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि पदर सावरला. "सरच बोलून नाई राहिले, तं आमी काय सांगू? पानी सोडा, मंग उठतीन ते."

साहेबांनी किल्ली काढली. गेट उचललं गेलं आणि पाणी खळखळत पाटात उतरलं. बायका हसत पाण्यामागे धावल्या. वासुदेवरावांचे डोळे भरून आले. तेवढं मात्र शास्त्रात बसत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी रंभाबाईला गाठून विनवलं, "यात माझा काही हात नाही, एवढं सगळ्यांना सांगा. नाहीतर माझा प्रबंध बुडाला."

"फिकर नोका करू सर. पुढच्या हप्त्यात तुमसरले मोर्चा हाये. तुमी नाई आले तरी चालन."

वासुदेवरावांचा जीव भांड्यात पडला.

"खुर्ची तेवढी आमी नेऊन राहिलो," रंभाबाई म्हणाली.