बाकावर राहिलेलं दुखणं

गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, सरकारी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, तारामती चौगुले यांच्या उजव्या गुडघ्यातलं दुखणं बाहेर आलं आणि बाकावर बसलं. गुडघ्याची नस बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी दुखण्याची वेगळी तपासणी करायची, असा तिथला नियम आहे.

तारामतींचे गुडघे यंत्रमागावर उभं राहून झिजले. धाकटी बहीण रुक्मा समोरच्याच गल्लीत अंथरुणाला खिळलेली. तिच्या उशाशी घटकाभर मांडी घालून बसता यावं, एवढ्यासाठीच त्यांना इंजेक्शन हवं होतं. रुग्णवाहिका मागितली, तर "गुडघ्याला गाडी मिळत नाही" असं उत्तर आलं. लिफ्ट बंद होती. दर चार पायऱ्यांना बसत त्या वर आल्या.

डॉ. पाठारे यांनी दुखण्याला विचारलं, "दहापैकी किती?"

"हाय आपलं थोडंफार," दुखणं खाली मान घालून म्हणालं.

तारामती भडकल्या. "थोडंफार? रातभर जीव काढत हुतंस माझा, तवा?"

"चारचौघांत घरातलं कशाला काढायचं?"

तेरा वर्षं त्याच घरात राहिलेलं दुखणं. वळण तिथलंच.

डॉक्टरांनी दोन लिहिले. इंजेक्शनला सात लागतात. "आणि बाई, तुम्ही तर ताठ उभ्या आहात."

"ते बाहेर बसलंय, म्हणून उभ्या आहेत," बातमीसाठी तिथे आलेला मी म्हणालो.

"बाहेर बसलंय ना? मग आत सुई कशाला टोचू? तुम्ही पत्रकार मंडळी जरा विचार करून बोलत जा."

तारामतींनी विचार केला. पिशवी उचलली आणि कठडा न धरता जिना उतरल्या.

पहारेकरी वरून ओरडला, "ओ मावशी, तुमचं दुखणं ऱ्हायलंय की हितं!"

"थोडंफारच हाय म्हणं! सांभाळा की तुम्हीच!"

दुपारभर त्या रुक्माच्या उशाशी मांडी घालून बसल्या. शेंगा फोडून तिला भरवल्या.

"आक्का, उद्या बी येशील?"

"न यायला काय धाड भरलीय मला?"

पाच वाजता रुग्णालयातली तपासणीची खोली बंद झाली. दुखणं रात्री ठेवून घ्यायची तिथे तरतूद नाही. साडेपाचला रुग्णवाहिका रुक्माच्या दारात थांबली. दुखणं उतरलं, पायरीशी पाय पुसून आत आलं आणि निमूट आपल्या जागी गेलं. रुक्मानं अंथरुणातून हात दिला, पण तारामतींना उठता आलं नाही.

ही गाडी कुणाच्या हुकमाने निघाली, हे मी अधीक्षकांना तीनदा विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.